बाराव्या गाईचा कान

कानमामांनी पहिल्या भेटीत माझ्या तोंडाकडे नाही, कानाकडे बघितलं होतं. मी नुकतीच बदलून या शाखेत आले होते आणि दूध धंद्याच्या कर्जांची सगळी प्रकरणं साहेबांनी माझ्या टेबलावर आणून आदळली होती. समोर पन्नाशी उलटलेला एक सडपातळ माणूस उभा होता, उजवा पाय किंचित ओढणारा, हातात कापड गुंडाळलेला लोखंडी चिमटा. "मॅडम, डाव्या कानाला वर जुनं भोक आहे तुमच्या," ते म्हणाले. मला राग आला. कॉलेजात असताना हौसेनं पाडून घेतलेलं आणि वर्षभरात बुजलेलं ते भोक माझ्या आईलासुद्धा आठवत नव्हतं. मी तोडूनच म्हटलं, की ते कधीच बुजलंय.

"बुजतं हो. जात नाही," असं म्हणून त्यांनी त्यांची हजेरी माझ्यापुढे सरकवली.

शाखेत त्यांना सगळे कानमामाच म्हणायचे. बँक गोठ्यासाठी कर्ज देते तेव्हा गायच तारण असते, आणि सगळ्या गाई आपल्याला सारख्याच दिसतात. म्हणून कर्जातल्या प्रत्येक गाईच्या कानात आकडा छापलेला पिवळा प्लास्टिकचा बिल्ला मारतात. हा बिल्ला मारायचं काम मामांचं. पूर्वी ते जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, तिथून बँकेनं त्यांना कंत्राटावर घेतलं. पण बिल्ला मारायच्या आधी ते जे करायचे, ते बँकेनं त्यांना शिकवलेलं नव्हतं. गाईचा कान तळहातावर घ्यायचा, डोळे मिटायचे आणि अंगठा बुडापासून टोकापर्यंत सावकाश फिरवायचा. कुठे दाण्याएवढी गाठ लागली की हात थांबायचा.

"ही नको," एवढंच म्हणायचे आणि पुढच्या गाईकडे वळायचे. व्यापारी गयावया करायचे, शिव्या घालायचे, गाईच्या सात पिढ्यांचं दूध सांगायचे. मामांवर ढिम्म परिणाम व्हायचा नाही. एकदा मी गाडीत त्यांना विचारलं, की एका भोकासाठी एवढी चांगली गाय का परत पाठवली. ते म्हणाले, चांगल्या गाईचा बिल्ला कोण कशाला काढेल. एक तर ती दुसऱ्या कुठल्या बँकेत आधीच तारण असते. नाही तर तिच्या गोठ्यात गाभडीचा रोग शिरलेला असतो, आणि मालकानं बिल्ला उपसून तिला गुपचूप बाजारात काढलेली असते.

या रोगाबद्दल मी तोवर फक्त फायलीत वाचलं होतं. मामांनी तो स्वतः भोगला होता. रोगी गाय दिसायला धडधाकट असते, दूध देते, रवंथ करते. सातव्या महिन्यात एके दिवशी मेलेलं वासरू टाकते, आणि तिच्या शेजारी बांधलेल्या गाईही एकेक करून गाभडू लागतात. माणसाला तो कच्च्या दुधातून होतो, आणि गाभडलेल्या गाईला उघडा हात लावला तरी होतो. मामांना तसाच झाला होता, दवाखान्यात असताना. वर्षभर ताप येत-जात राहिला आणि जाताना उजवा खुबा घेऊन गेला. आमच्या तपासणी फॉर्मवर 'जुने भोक: आहे / नाही' असा रकाना आहे. तो मामांनी साहेबांच्या मागे लागून घालून घेतला होता. 'आहे'वर टीक झाली तर रक्ताची तपासणी आल्याशिवाय त्या गाईवर कर्ज नाही. तपासणीला आठ-दहा दिवस लागतात. रोगापेक्षा त्या दहा दिवसांनाच लोक जास्त भितात, हे मला कळायला वेळ लागला नाही.

मामांना एकुलती एक मुलगी. तिनं आणि जावयानं शहरातल्या नोकऱ्या सोडल्या आणि बारा गाईंचा गोठा काढायचं ठरवलं. त्यांचा अर्ज माझ्याकडेच आला. मुलगी हुशार, बापासारखीच हट्टी. चारा, पाणी, शेणाचा निचरा, दूध थंड करायची टाकी, सगळं तिनं मला कागदावर काढून दाखवलं होतं. दोनदा तिचं प्रकरण वरून परत आलं. तिसऱ्यांदा मंजूर झालं, पण मंजुरीची मुदत महिनाअखेरपर्यंतच होती, आणि अट अशी की बाराच्या बारा गाई एकाच दिवशी गोठ्यात उभ्या दिसल्या पाहिजेत. अकरा असतील तर प्रकरण बंद, पुन्हा पहिल्यापासून अर्ज. ही अट कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली मला माहीत नाही, पण ती मी लोकांना इतक्यांदा समजावून सांगितली आहे की मला ती शहाणपणाची वाटायला लागली होती.

नात्यातल्या माणसाचं काम दुसऱ्या शाखेच्या माणसानं बघावं असा संकेत आहे. मामांनी तसं सुचवलंही. दुसरा माणूस आजारी होता, महिना संपत होता आणि माझ्या नावावर त्या महिन्यात एकही प्रकरण निघालं नव्हतं. मी म्हटलं, "मामा, तुमच्याइतकं कडक कोण बघणार आहे? चला."

गाई आणल्या होत्या हसऱ्यानं. हा व्यापारी मयतीलाही हसत जायचा म्हणून त्याचं नाव हसरा. दुपारी आणतो म्हणाला आणि ट्रक लागला तेव्हा उन्हं उतरली होती. नव्या गोठ्यात अजून वीज आलेली नव्हती. मी एका हातात टॉर्च धरला, दुसऱ्या हातात फॉर्मांचा गठ्ठा. मामा कान बघत, बिल्ला मारत पुढे सरकत होते आणि आकडा सांगत होते. मुलगी दावणीच्या टोकाला उभी राहून प्रत्येक गाईनंतर माझ्याकडे बघून हसत होती. अकरा गाई झाल्या.

बारावी गाय काळी, पाच महिन्यांची गाभण. डाव्या डोळ्याखाली पांढरा ओघळ, दूध सांडल्यासारखा. मामांनी कान तळहातावर घेतला, डोळे मिटले, अंगठा फिरवला. मधोमध आल्यावर अंगठा थांबला. मग तो थोडा मागे आला आणि पुन्हा तिथेच थांबला. मी टॉर्च जवळ नेला. केसांखाली, नीट बघितलं तरच दिसेल असा गोल खळगा होता. कातडी कडेनं छान भरून आली होती.

हसऱ्याचं हसू थांबलं होतं. मामांनी डोळे उघडले ते गाईकडे नाही, मुलीकडे. ती तिकडून विचारत होती, झालं का बाबा. मग त्यांनी चिमट्यात बिल्ला बसवला, टोक बरोबर त्या जुन्या खळग्यावर ठेवलं आणि दाबलं. जुन्या भोकातून नवा बिल्ला आरपार गेला. आता ते भोक जगात कुणालाही सापडणार नव्हतं.

"मॅडम, लिहा," ते म्हणाले.

काय लिहा ते त्यांनी सांगितलं नाही. एरवी ते पास केलेल्या प्रत्येक गाईला 'नाही, लिहा' असं म्हणायचे. त्या दिवशी नुसतं 'लिहा' म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, मी थांबवीन अशी त्यांना आशा होती. मी टॉर्च काखेत धरला आणि 'नाही'वर टीक केली. त्यांनी खाली सही केली. त्या सहीची रेघ नेहमीपेक्षा लांब गेली होती, ती मी घरी जाऊन, फॉर्म बाहेर काढून पुन्हा बघितली.

निघताना मुलगी गाडीपर्यंत आली. बापाच्या हाताला धरून म्हणाली, की गाई दारात येईपर्यंत थांबले होते, आता सांगते, तुम्ही आजोबा होणार आहात. मी अभिनंदन केलं. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायचं विसरले. परतीच्या वाटेवर मी गाणी लावली नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मामा रोज सकाळी कामावर यायच्या आधी लेकीच्या गोठ्यात जायला लागले. बाराव्या गाईची धार तेच काढायचे, तिच्याखालचं शेण तेच उचलायचे, तिला दावणीच्या शेवटी, बाकीच्यांपासून चार हात लांब बांधायचे. मुलीला त्यांनी बजावलं, की दूध उकळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही, गोठ्यात हातमोजे घालायचे, आणि काळ्या गाईच्या तर जवळही जायचं नाही, ती लाथ मारते. ती गाय इतकी गरीब होती की लाथ कशाशी खातात हे तिला माहीत नव्हतं. जावई शाखेत येऊन कौतुकानं सांगायचा, की असा सासरा मिळायला भाग्य लागतं. सगळे माना डोलवायचे. मीही डोलवायची.

मला माहीत होतं ते कशाची वाट बघताहेत. त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर पेन्सिलनं बारीक टिंबं होती, आठवड्याला एक. गाईचा सहावा महिना गेला. सातवा लागला तसं त्यांचं जेवण कमी झालं. मी एकदा धीर करून म्हटलं, की रक्त तपासून का घेत नाही, संशय तरी फिटेल. ते म्हणाले, "मॅडम, कागद आला की तो कागद असतो. मग तिला काय सांगू?" थोड्या वेळानं म्हणाले, की दहा भोकांतल्या नऊ गाई चांगल्याच असतात. हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. मी लगेच हो म्हटलं, कारण मलाही तेच ऐकायचं होतं.

मग पुन्हा एक महिनाअखेर आली. लांबच्या एका गोठ्यावर दहा गाईंना बिल्ले मारायचे होते, पहाटेच निघावं लागणार होतं. मामा म्हणाले, की आजच्या दिवस मला सोडा, गाय काल संध्याकाळपासून अस्वस्थ आहे. मी गाडीत बसून घड्याळ बघत होते. माझ्या तोंडून गेलं, "तुमच्याशिवाय तिचं अडतंय का मामा? घरात दोन माणसं आहेत की." हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते चिमटा घेऊन मुकाट गाडीत बसले.

दुपारी आम्ही परतलो तेव्हा गाय गाभडून मोकळी झाली होती. जावई दूध घालायला गेला होता. मुलगी घरात एकटी. गाईची तडफड तिला बघवली नाही, हातमोजे शोधायला वेळ नव्हता, तिनं दोन्ही हातांनी वासरू ओढून काढलं. मेलेलंच होतं. आम्ही पोचलो तेव्हा ती नळाखाली कोपरापर्यंत हात धूत होती आणि रडत होती. म्हणाली, "बाबा, मी वाचवायला बघितलं हो." मामांनी साबण घेतला आणि लहान मुलीचे धुवावेत तसे तिचे हात धुतले. पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा धुवायला लागले तेव्हा ती रडता रडता हसली आणि म्हणाली, पुरे की आता.

तिला दिवस गेले होते त्याला तेव्हा पाचवा महिना लागत होता.

त्याही दिवशी मामा बोलले नाहीत. गाय घसरून पडली असेल असं जावई म्हणाला आणि ते गप्प राहिले. मग जावयानं आपल्या परीनं शहाणपणा केला. गाभडलेली गाय कशाला पोसायची म्हणून त्यानं हसऱ्याला बोलावलं आणि तिच्या बदल्यात दुसरी घेतली. मोजणीत बाराचा आकडा जुळावा म्हणून हसऱ्यानं काळ्या गाईचा बिल्ला काढून नव्या गाईच्या कानात मारला. मामा तेव्हा बँकेच्या कामानं बाहेरगावी होते, त्यांना हे कळलं तेव्हा ट्रक निघून चार दिवस झाले होते. ते धावतपळत माझ्याकडे आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, की ती परत बाजारात गेली मॅडम, कानात एकच भोक घेऊन. मी पाणी दिलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं.

तीन आठवड्यांनी मुलीला ताप भरला. दिवसा उतरायचा, संध्याकाळी चढायचा, अंथरूण घामानं भिजायचं. सांधे इतके दुखायचे की तिला भांडं उचलवेना. गावातल्या डॉक्टरनं दोनदा औषध बदललं. शेवटी मीच बापलेकीला माझ्या गाडीनं मोठ्या दवाखान्यात नेलं. अरुंद खोली, एक खाट, भिंतीवर हात कसे धुवावेत त्याचं चित्र. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पोट तपासलं, बाळाचे ठोके ऐकले आणि प्रश्न विचारत कागदावर खुणा करायला लागल्या. घरात जनावरं आहेत का, एखादी गाभडली का.

मुलगी म्हणाली, एक गाभडली, पण ती घसरून पडली होती. "रोगट जनावर आमच्याकडे येणारच नाही. माझे वडील बँकेत तेच काम करतात. जुनं भोक असलेली गाय त्यांनी आयुष्यात पास केलेली नाही." हे सांगताना एवढ्या तापातसुद्धा तिची मान ताठ झाली. डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांचं पेन कागदावरच्या जनावरांच्या ओळीवर आडवं फिरणार होतं.

"ते खोडू नका," मामा म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. खाली बघत नाही, लेकीच्या तोंडाकडे बघत. भोक कुठे होतं, केवढं होतं, बिल्ला त्यातूनच कसा मारला. तिचा हात त्यांच्या हातात होता. तो तिनं झटक्यात काढून घेतला नाही, हळूहळू सोडवून घेतला, आणि पांघरुणाखाली नेला. मला ते बघवेना म्हणून मी भिंतीवरचं चित्र बघायला लागले. तर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, टॉर्च तुम्हीच धरला होता ना? तुम्हाला दिसलं होतं?"

मी म्हटलं, "नाही. मी फॉर्म भरत होते."

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, म्हणजे ठीक आहे, राहू द्या. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून विचारलं, की औषध आज सुरू होईल ना.

औषध त्याच दिवशी सुरू झालं. खोडलं असतं तर आणखी पंधरा दिवस गेले असते आणि मग काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाळ पाच आठवडे आधी आलं, मुलगी, दोन तळहातांत मावेल एवढी. जगली. गोठ्यातल्या उरलेल्या गाईंचं रक्त तपासलं, त्यातल्या चार रोगी निघाल्या, त्या गेल्या. मामांची चौकशी झाली. तपासणीच्या वेळी सोबत कोण होतं, या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं, की गोठ्यात मी एकटाच होतो, मॅडम गाडीत होत्या. रकान्यातली टीक माझी होती, पण टिकेला हस्ताक्षर नसतं. त्यांना काढून टाकलं. जाताना ते चिमटा माझ्या टेबलावर ठेवून गेले. मला सहा महिन्यांत बढती मिळाली, नवी शाखा मिळाली.

मुलगी त्यांना घरी येऊ देते. नात मांडीवर देते. गोठ्यात मात्र पाऊल टाकू देत नाही, असं ऐकते.

मागच्या आठवड्यात माझ्या नव्या शाखेत एक प्रकरण शेवटच्या सहीसाठी आलं. सासू आणि सून, दोघींचा मिळून आठ गाईंचा गोठा. फोटो चाळताना सहाव्या फोटोवर माझा हात थांबला. काळी गाय, पुन्हा गाभण. डाव्या डोळ्याखाली पांढरा ओघळ. कानात नवाकोरा पिवळा बिल्ला, बरोबर मधोमध. 'जुने भोक'पुढे नव्या तपासनिसानं 'नाही'वर टीक केलेली. त्या बिचाऱ्याची चूक नव्हती. त्यानं बिल्ला मारला तेव्हा जुनं भोक त्याखालीच गेलं असणार.

मी मामांना फोन लावला. वर्षभरात पहिल्यांदा. म्हटलं, ती सापडली. पलीकडे मागे बाळाचं रडणं ऐकू आलं.

"माझं नाव सांगा मॅडम," ते म्हणाले. "कानमामानं कळवलं म्हणा. माझं आता काय जायचं राहिलंय. तुमची नोकरी राहू द्या."

मी फोन ठेवला. टीक खोडली, 'आहे' लिहिलं, शेजारी माझी पूर्ण सही केली. फाईल घेऊन साहेबांकडे गेले तर ते म्हणाले, की नुसत्या फोटोवरून बिल्ल्याखालचं भोक तुम्हाला कसं दिसलं. मी त्यांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि टॉर्चपासून सांगायला सुरुवात केली. सांगून संपलं तेव्हा त्यांनी फाईल पुन्हा उघडली आणि गाई ताब्यात दिल्याची तारीख बघितली. त्या गोठ्यात जाऊन तिला अकरा दिवस झाले होते.